रक्तवाहिनी आवळली की दाब का वाढतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याच्या वडिलांना बरीच वर्षे उच्च रक्तदाब आहे. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून त्या घेऊ नका, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले आहे. पण आईला जंतुसंसर्गामुळे अतिदक्षता विभागात ठेवले होते, तेव्हा रक्तवाहिन्या आकुंचित करणारेच औषध तीन दिवस पंपातून चालू होते आणि त्या काळात तिच्या बोटांची टोके निळसर दिसत होती. वाहिनी अरुंद झाली तर रक्त कमी जायला हवे, मग दाब वाढतो कसा? आणि एकच क्रिया एकाला घातक व दुसऱ्याला तारक कशी ठरते? मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा बराचसा भाग अतिदक्षता विभागात जातो. ही औषधे मी रोज हाताळतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

शंका रास्त आहे. वाहिनी अरुंद झाली की तिच्यातून रक्त कमीच जाते. दाब वाढतो तो अरुंद झालेल्या जागेच्या अलीकडे, म्हणजे हृदयाच्या बाजूला. पलीकडे तो उलट घटतो. पाण्याची नळी मध्येच चिमटीत धरली तर नळाकडची बाजू ताठ होते आणि पुढची ढिली पडते, तसेच हे आहे. दंडाला पट्टा बांधून आपण जो दाब मोजतो तो मोठ्या धमनीतला, चिमटीच्या अलीकडचा असतो. पलीकडे, पेशींना प्रत्यक्ष प्राणवायू पोचवणाऱ्या केशवाहिन्यांत काय चालले आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. रक्तदाब आणि रक्तपुरवठा या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की वडिलांचे आणि आईचे कोडे एकाच वेळी सुटू लागते.

हिशेब साधा आहे. सरासरी रक्तदाब म्हणजे हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त गुणिले वाहिन्यांचा एकूण अडथळा. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते आणि १२०/८० असा दाब असलेल्या माणसाचा सरासरी दाब सुमारे ९३ मिलिमीटर पारा येतो. अडथळा वाहिनीच्या त्रिज्येवर कमालीचा अवलंबून असतो. प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून दाखवले की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तर अडथळा सुमारे दीडपट, २० टक्क्यांनी घटली तर जवळजवळ अडीचपट आणि निम्मी झाली तर सोळापट होतो. रक्त पाण्यासारखे सरळ द्रव नाही आणि वाहिन्या काचेच्या नाहीत, म्हणून हे आकडे शरीरात जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण सुईच्या टोकाहून बारीक वाहिनीत झालेला किंचित बदल दंडावरच्या आकड्यात एवढा मोठा का दिसतो, हे त्यांवरून कळते.

हा अडथळा मुख्यतः धमनिकांमध्ये असतो. मोठी धमनी आणि केशवाहिनी यांच्यामधल्या या बारीक वाहिन्यांच्या भिंतीत, त्यांच्या आकाराच्या मानाने, अनैच्छिक स्नायूंचा थर जाड असतो. रक्त त्यांच्यात शिरते तेव्हा सरासरी दाब ९० च्या आसपास असतो आणि केशवाहिनीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो ३० ते ३५ वर येतो. मधला सगळा दाब या छोट्याशा टप्प्यात खर्ची पडतो. संप्रेरके, मज्जातंतू आणि औषधे यांचा खरा खेळ येथे चालतो.

स्नायूपेशीपर्यंत निरोप कोणीही आणो, शेवटचा मार्ग बहुतेक वेळा एकच असतो. पेशीच्या आत कॅल्शियम वाढते, ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, त्या जोडीमुळे मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवणारे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) जागे होते आणि स्नायू आखडतो. याला जोडून दुसरी एक वाट आहे, जिच्यामुळे तेवढ्याच कॅल्शियममध्ये आकुंचन अधिक काळ टिकते. ॲम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची औषधे कॅल्शियमचे बाहेरून आत येणेच रोखतात. म्हणूनच वाहिनी नेमक्या कोणत्या संप्रेरकाने आवळली आहे हे ठाऊक नसतानाही ती उपयोगी पडतात.

आता हे निरोप कोण आणते ते पाहू. सर्वांत चपळ व्यवस्था सिंपथेटिक मज्जासंस्थेची, म्हणजे आपल्या इच्छेविना हृदय व वाहिन्या यांना चालना देणाऱ्या मज्जातंतूंची आहे. १८९४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला आणि त्यांचा रक्तदाब झपाट्याने चढला. त्यातले ॲड्रिनॅलिन १९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी शुद्ध रूपात वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांतून मात्र मुख्यतः नॉरॲड्रिनॅलिन पाझरते, हे १९४६ मध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी दाखवले. या दोघांची रासायनिक ठेवण जवळजवळ सारखी आहे, पण वाहिन्यांवरचा परिणाम तसा नाही. पेशीवर निरोप स्वीकारणाऱ्या जागांना ग्राहक म्हणतात. नॉरॲड्रिनॅलिन मुख्यतः अल्फा ग्राहकांवर बसते आणि वाहिन्या आवळते. ॲड्रिनॅलिन थोड्या मात्रेत असताना हाडांना जोडलेल्या स्नायूंतल्या बीटा ग्राहकांवरही काम करते आणि तेथील वाहिन्या सैलावते. त्यामुळे वरचा दाब वाढतो, पण खालचा कित्येकदा उतरतो. मात्रा वाढली की अल्फाची बाजू वरचढ होते. घाबरल्यावर चेहरा पांढरा पडतो आणि त्याच वेळी पायांना पळण्यापुरते रक्त मिळते, ते या दुहेरीपणामुळे.

या व्यवस्थेचा अनुभव आपण दिवसातून अनेकदा घेतो. आडवे असताना एकदम उभे राहिलो की अर्ध्या लिटरहून अधिक रक्त कमरेखालच्या शिरांत उतरते. मानेतील आणि महाधमनीतील दाब जोखणाऱ्या तंतूंना ते लगेच कळते आणि काही सेकंदांत नॉरॲड्रिनॅलिन धमनिका व शिरा दोन्ही आवळते. शिरांचे आवळणे लोकांच्या ध्यानात येत नाही. शरीरातील बहुतांश रक्त शिरांत साठलेले असते. त्या आवळल्या की ते रक्त हृदयाकडे परत येते आणि पुढच्या ठोक्यात बाहेर पडते. दाब सावरतो तो अडथळा आणि रक्ताची आवक या दोन्हींमुळे.

हे माझ्या टेबलावर फार स्पष्ट दिसते. मणक्यातून भूल दिली की कमरेखालच्या वाहिन्यांकडे जाणारे सिंपथेटिक तंतू बधिर होतात, वाहिन्या सैल पडतात आणि दोन-चार मिनिटांत ११० चा वरचा दाब ७५ वर आलेला दिसतो. रुग्ण सांगतो की मळमळते आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे. अशा वेळी शिरेतून फेनिलएफ्रिन हे वाहिन्या आवळणारे औषध दिले की मिनिटभरात दाब वर येतो, मळमळ थांबते, आणि त्याच वेळी नाडी ९० वरून ६० पर्यंत उतरते. नाडीचे हे उतरणे औषधाचा हृदयावरचा थेट परिणाम नसते. दाब चढल्याचे कळताच मेंदू हृदयाला आवरते घेतो. निव्वळ वाहिन्या आवळणाऱ्या औषधाने दाब सुधारतो, पण हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारे रक्त थोडे घटूही शकते. म्हणून नाडी आधीच मंद असेल तर मी फेनिलएफ्रिन टाळतो आणि हृदयालाही चालना देणारे औषध निवडतो.

मज्जासंस्था सेकंदांत काम करते, पण दाबाची दिवसांची आणि वर्षांची पातळी मूत्रपिंड ठरवते. १८९८ मध्ये स्टॉकहोम येथे टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचून दाब वाढतो असे दाखवले आणि त्या अज्ञात पदार्थाला रेनिन हे नाव दिले. त्याकडे पुढची तीन-साडेतीन दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चाप लावून ती अंशतः अरुंद केली आणि कायमचा उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवला. चाप मूत्रपिंडाच्या धमनीला होता आणि दाब साऱ्या शरीरात वाढला होता. आपल्याला रक्त कमी मिळते आहे असे मूत्रपिंडाला वाटले, म्हणून त्याने दाब वाढवणारी यंत्रणा चालू केली.

ती यंत्रणा अशी चालते. रेनिन हे विकर आहे, ते स्वतः वाहिनी आवळत नाही. यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाचा तुकडा ते तोडते. त्यातून अँजिओटेन्सिन-१ बनते. मुख्यतः फुप्फुसांतील वाहिन्यांच्या अस्तरावरचे दुसरे विकर त्याचे अँजिओटेन्सिन-२ करते. हे अखेरचे संप्रेरक रक्तात मिनिटभरही टिकत नाही, पण तेवढ्यात ते धमनिका आवळते, सिंपथेटिक तंतूंना अधिक नॉरॲड्रिनॅलिन सोडायला लावते, तहान वाढवते आणि अधिवृक्क ग्रंथीकडून अल्डोस्टेरोन हे संप्रेरक सोडवून मीठ व पाणी शरीरात अडवते. यातले शेवटचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नुसती वाहिनी आवळून दाब वाढला तर निरोगी मूत्रपिंड जादा मीठ-पाणी बाहेर टाकून तो काही दिवसांत खाली आणते. आवळणे आणि मीठ अडवणे या दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या, तरच वाढलेला दाब मुक्काम ठोकतो.

चिमटीचा मुद्दा मूत्रपिंडाच्या आत फार सुंदर रीतीने दिसतो. रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ दोन धमनिकांच्या मध्ये बसवलेला असतो, एक आत आणणारी आणि एक बाहेर नेणारी. अँजिओटेन्सिन-२ बाहेर नेणारी धमनिका अधिक आवळते. म्हणजे चिमटी गुच्छाच्या पुढे बसते, गुच्छातला दाब टिकून राहतो आणि मूत्रपिंडाकडे येणारे रक्त कमी झाले असतानाही गाळण चालू राहते. आत आणणारी धमनिका उघडी ठेवण्याचे काम तेथेच तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ करतात. आता अँजिओटेन्सिन-२ ला रोखणारी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यांच्या जोडीला इबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी एकाच वेळी घेतली तर काय होते ते पाहा. पहिलीने पुढची चिमटी सैल होते, दुसरीने येणारे रक्त घटते आणि तिसरीने प्रोस्टाग्लँडिन घटून आतला दरवाजा अरुंद होतो. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल तर अशा रुग्णाचे मूत्रपिंड दोन-तीन दिवसांत बंद पडलेले मी अनेकदा पाहिले आहे. तुमच्या वडिलांना सर्दीच्या गोळीइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, याबद्दल सावध करावेसे मला वाटते.

वाहिन्या आवळणारे आणखी तीन पदार्थ थोडक्यात सांगतो. व्हॅसोप्रेसिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागील भागातून येते. त्याचे रोजचे काम मूत्रपिंडात पाणी राखण्याचे आहे. वाहिन्या आवळण्यासाठी ते बऱ्याच जास्त प्रमाणात लागते, आणि मोठ्या रक्तस्रावात शरीर तेवढे सोडतेही. एंडोथेलिन १९८८ मध्ये जपानमध्ये यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. एकवीस अमिनो आम्लांचा हा छोटा पदार्थ वाहिनीचे अस्तरच तयार करते आणि त्याची पकड तासभरही टिकू शकते. फुप्फुसातील उच्च रक्तदाबात त्याला रोखणारी औषधे वापरली जातात. रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तबिंबिकांतून सुटणारे थ्रॉम्बॉक्सेन अर्ध्या मिनिटात निष्प्रभ होते. त्याचे काम जखमेच्या जागी रक्त थोपवण्याचे, साऱ्या शरीराच्या दाबाशी त्याचा संबंध थोडाच.

या सगळ्यांच्या विरुद्ध बाजूने सतत ओढणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की वाहिनीचे अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलिन या निरोप वाहणाऱ्या रसायनाने वाहिनी सैलावते आणि अस्तर खरवडले गेले असेल तर तीच वाहिनी आखडते. त्या अस्तरातून पाझरणारा सैलावणारा पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड ठरला आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक त्या संशोधनाला मिळाले. धूम्रपान, मधुमेह आणि दीर्घकाळचा उच्च दाब यांनी हे अस्तर बिघडते. मग आवळणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण तेच राहूनही वाहिनी अधिक आवळलेली राहते.

आता तुमच्या आईकडे वळतो. गंभीर जंतुसंसर्गात शरीर नायट्रिक ऑक्साइड अफाट प्रमाणात तयार करते, वाहिन्या सैल पडतात, केशवाहिन्या गळू लागतात आणि स्वतःच्या ॲड्रिनॅलिन-नॉरॲड्रिनॅलिनला वाहिन्या दाद देईनाशा होतात. सरासरी दाब एका मर्यादेखाली गेला की मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांना स्वतःचा पुरवठा सावरता येत नाही. अशा वेळी शिरेतून द्रव देऊन, आणि तेवढ्याने भागले नाही तर नॉरॲड्रिनॅलिन चालू करून, सरासरी दाब ६५ च्या आसपास आणणे हे पहिले उद्दिष्ट असते. जगभर या अवस्थेत प्रथम पसंती नॉरॲड्रिनॅलिनलाच आहे. त्याची मात्रा वाढत चालली की मिनिटाला ०.०३ युनिट व्हॅसोप्रेसिन जोडतात. तिच्या वाहिन्या गरजेपेक्षा फार सैल होत्या. त्यांना मूळ घेरापाशी आणणे आणि चांगल्या घेराच्या वाहिनीला आणखी आवळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तरीही औषध निवडून-पारखून वाहिन्या आवळत नाही. त्वचा आणि बोटे यांच्या वाहिन्यांवर अल्फा ग्राहक दाट असतात, म्हणून शरीर सर्वांत आधी तेथला पुरवठा तोडते. बोटांची टोके निळसर होण्यात औषधाचा वाटा असणार, पण मूळ आजाराचाही असतो. दाब कोसळल्यावर बोटे औषधाशिवायही गार पडतात आणि बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. म्हणूनच आम्ही नुसत्या आकड्यावर विसंबत नाही. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर लाली किती सेकंदांत परतते ते पाहतो. तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर मॉनिटरवर सरासरी दाब ७० दिसत असला तरी मी समाधानी नसतो. तासाची लघवी वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिलिटर तरी आहे का आणि पेशींना प्राणवायू अपुरा पडला की रक्तात वाढणारे लॅक्टेट उतरते आहे का, हेही पाहतो. दाब चांगला, लघवी बंद आणि लॅक्टेट चढते, असे दिसले तर चिमटीच्या अलीकडे सारे ठीक आहे आणि पलीकडे उपासमार चालू आहे, असा त्याचा अर्थ होतो. मग द्रव पुरेसे आहे का, हृदय थकले आहे का, हे पुन्हा तपासावे लागते.

नॉरॲड्रिनॅलिन शक्यतो मोठ्या शिरेतून देण्याचे कारणही हेच आहे. हातावरच्या शिरेतून ते बाहेर झिरपले तर सुईभोवतीची कातडी आधी खडूसारखी पांढरी पडते, मग काळसर होते. वेळीच लक्षात आले तर तेथे अल्फा ग्राहक अडवणारे फेंटोलामिन टोचून ती वाचवता येते. कधी कधी पंपाचा वेग वाढवत नेला तरी दाब हलत नाही. त्या वेळी अधिवृक्क ग्रंथी थकली आहे का, असा विचार मनात यावा लागतो. त्या ग्रंथीचे कॉर्टिसोल हे संप्रेरक स्वतः वाहिनी आवळत नाही, पण ते नसेल तर वाहिन्या नॉरॲड्रिनॅलिनचे ऐकत नाहीत. वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेऊन ते अचानक थांबवलेल्या रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातले कॉर्टिसोल, दिल्यावर काही तासांत पंपाचा वेग निम्म्यावर आणता आलेला मी पाहिला आहे.

वडिलांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यांच्या धमनिका आधीच आवळलेल्या आहेत आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यांच्या भिंती जाड झाल्या आहेत. जाड भिंतीची वाहिनी तेवढ्याच आकुंचनाने अधिक अरुंद होते, म्हणजे तोच निरोप त्यांच्या शरीरात जास्त जोराने पोचतो. सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनॅलिन बाहेर काढते. बहुतेक लोकांत त्याने दाब थोडाच वाढतो, पण ज्यांचा दाब ताब्यात नाही त्यांच्यात तो किती वाढेल याचा भरवसा देता येत नाही. नैराश्यावरच्या मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणाऱ्या जुन्या गोळ्या चालू असतील तर ही गोळी पूर्ण वर्ज्य आहे, कारण साठलेले नॉरॲड्रिनॅलिन एकदम सुटून दाब भयंकर चढू शकतो. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत फेनिलएफ्रिन असते. पोटातून घेतल्यावर त्याचा बराचसा भाग आतड्यात आणि यकृतात नष्ट होतो आणि नेहमीच्या मात्रेत ते नाक मोकळे करत नाही, असा निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने काढला. ज्याचा लाभ नाही त्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब नाकापुरते काम करतात, पण काही अंश रक्तात जातोच. शिवाय काही दिवसांपेक्षा जास्त वापरले तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि थेंब सुटता सुटत नाहीत. नाकासाठी मिठाच्या पाण्याचा फवारा वडिलांना निर्धोक आहे.

दाब अकारण चढतो अशी तक्रार असेल तर तंबाखूतील निकोटीन, वेदनाशामक गोळ्या आणि रोजच्या रोज घेतला जाणारा ज्येष्ठमध यांची चौकशी डॉक्टरांनी न विचारताही त्यांच्यापुढे मांडावी. ज्येष्ठमधातील घटक कॉर्टिसोल निष्क्रिय करणारे मूत्रपिंडातील विकर रोखतो, त्यामुळे कॉर्टिसोल अल्डोस्टेरोनसारखे वागून मीठ अडवते आणि पोटॅशियम घटवते. आणि दाब मध्येच झटक्यासारखा चढून त्याबरोबर डोकेदुखी, दरदरून घाम व धडधड होत असेल तर अधिवृक्क ग्रंथीतील नॉरॲड्रिनॅलिन सोडणाऱ्या गाठीची तपासणी करून घ्यावी. अशा गाठीत धडधड थांबावी म्हणून आधी बीटा ग्राहक अडवणारी गोळी दिली तर सैलावणारी बाजू बंद पडते, आवळणारी अल्फा बाजू मोकाट सुटते आणि दाब आणखी चढतो. म्हणून तेथे अल्फा अडवणारे औषध आधी आणि बीटा नंतर, हा क्रम कधीही मोडला जात नाही.